ओढ्याकाठच्या बागेचा खर्च कुणी उचलायचा?

पत्र थोडक्यात: अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पश्चिम भागातून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं २२ एकरांची सफरचंदांची आणि आंबट चेरीची जुनी बाग विकत घेतली. नवऱ्याची नोकरी चालू आहे, बाग मुख्यतः त्याच बघतात. बाग उतारावर आहे, तळाशी ओढा आहे आणि ओढा पुढे एका लहान तळ्याला मिळतो. दोन उन्हाळे तळ्यावर हिरवा तवंग येतो आहे, आणि तळ्याकाठची मंडळी वरच्या बागांकडे बोट दाखवू लागली आहेत. बागेतून वाहून जाणारं दूषित पाणी रोखण्याच्या कामांना सरकार खर्चात वाटा देतं, असं त्यांना काउंटीच्या कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे माती-पाणी जपायला मदत करणाऱ्या स्थानिक कार्यालयातून, कळलं. नवरा म्हणतो, “मिळतायत तर घेऊ, ठिबक आणि नवा फवारा होऊन जाईल.” शेजारचे वयस्कर बागाईतदार म्हणतात, “सरकारला एकदा फाटकातून आत घेतलं की ते बाहेर जात नाही.” गावी असलेले सासरे फोनवर म्हणाले, “आपल्या घरात कुणी अनुदानासाठी हात पसरला नाही.” ताईंची स्वतःची भीती वेगळी आहे. अर्ज केला तर ओढा आपणच नासवतो असं लिहून दिल्यासारखं होईल, आणि उद्या दंड झाला तर? फवारणीचं औषध सध्या बोअरशेजारच्या नळावर कालवलं जातं. त्यासाठी काँक्रीटचा ओटा बांधायला एक कंत्राटदार येत्या पंधरवड्यात तयार आहे, भावही बरा देतो आहे. त्या लिहितात, “जोराचा पाऊस आला की मी मागच्या खिडकीपाशी जायचं टाळते. ओढा चहासारखा दिसतो. पैसे घ्यावेत का?”
सही: ओढ्याकाठची

प्रिय ओढ्याकाठची,

तुमच्या पत्रात पाच पक्ष आहेत: नवरा, सासरे, शेजारी, तळ्याकाठचे लोक आणि तुम्ही. सगळे पैशाबद्दल किंवा दोषाबद्दल बोलतात. पाणी नेमकं कुठून कुठे जातं, हे कुणीच सांगितलेलं नाही. तुम्ही तर खिडकीपाशी जायचंच टाळता. त्यामागची घालमेल मला कळते. आपल्या जमिनीची माती डोळ्यांदेखत वाहून जाताना बघवत नाही. पण पैसे घ्यावेत का, कशासाठी घ्यावेत आणि किती, याचं उत्तर त्या पावसातच आहे. म्हणून सुरुवात तिथून करू.

पुढचा मोठा पाऊस आला, की विजा नाहीत एवढं बघून गमबूट चढवा आणि बागेच्या माथ्यापासून चालत खाली या. झाडांच्या बुंध्यालगतची पट्टी तुम्ही तणनाशक मारून उघडी ठेवत असणार, बहुतेक बागांत ठेवतात. तुमच्या ओळी उताराच्या दिशेनं लावलेल्या असतील तर ती उघडी पट्टी पाण्याला आयता पाट होऊन बसते. दुसरी जागा म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. आंबट चेरी यंत्रानं झाड हलवून काढतात आणि ती यंत्रं जड असतात. वर्षानुवर्षं त्याच वाटेनं गेली की तिथली माती ठोकून बसते, पाणी मुरत नाही, नुसतं धावतं. चाकोरीत वाकून बघा. ओघळ बोटाएवढा आहे की मनगटाएवढा? एकटाच खाली जातो की दोन-चार मिळून एक होतात? ओढ्याला नेमका कुठे जाऊन मिळतो? हे सगळं बागेच्या साध्या नकाशावर पेन्सिलीनं काढून ठेवा.

सोबत काचेच्या तीन स्वच्छ बरण्या न्या. एक ओघळातून भरा, दुसरी तुमच्या हद्दीच्या वर ओढ्यातून, तिसरी तुमच्या हद्दीखाली. झाकणावर जागा आणि वेळ लिहा आणि रात्रभर खिडकीत ठेवून द्या. वाळू काही मिनिटांत तळाला बसते, पोयटा हळूहळू बसतो, चिकणमाती सकाळपर्यंतही पाणी गढूळ ठेवते. सकाळी वरची आणि खालची बरणी शेजारी शेजारी धरून बघा. वरची बरणीही तितकीच गढूळ असेल, तर ओढ्याचा चहा फक्त तुमच्या बागेत होत नाही. रस्त्याकडेचा चर, ढासळणारा काठ, वरचं कुणाचं तरी नांगरलेलं शेत, काहीही असू शकतं. खालचीच गढूळ निघाली, तर काम तुमच्याकडे आहे. दोन्ही बाबतींत तुमची सुटका एकाच गोष्टीतून होते. “सगळं माझ्यामुळे” आणि “माझा काय संबंध” या दोन टोकांच्या मधे तुम्हाला एक खरी जागा सापडते.

बरणीत दिसते ती माती. न दिसणारं त्याहून महत्त्वाचं आहे, आणि त्यावरच कोणत्या कामाला पैसे मागायचे हे ठरतं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून जातो. गोड्या पाण्याच्या तळ्यांत शेवाळाचं पोट मुख्यतः त्याच्यावरच भरतं. त्यामुळे तळ्यावरच्या तवंगात तुमच्या बागेचा वाटा असेलच, तर तो बराचसा वाहून गेलेल्या मातीतून असणार. नायट्रेटची चाल वेगळी. ते पाण्यात विरघळतं, मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. डोळ्यांना, जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात नायट्रेटमधल्या नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ती ठरवली गेली तान्ह्या बाळांसाठी, कारण जास्त नायट्रेटनं त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. म्हणून तळ्याआधी तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासून घ्या. तिसरी गोष्ट औषधांची. तांबंयुक्त बुरशीनाशकं मातीत साचत जातात, आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं गाळाला चिकटून ओढ्यात पोचली की मासे आणि पाण्यातले किडे त्यांना बळी पडतात.

या गोष्टीला मी उगाच मोठं करत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये तुमच्या शेजारच्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात ४ लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. ईरी सरोवरातल्या शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं, आणि त्या शेवाळाला पोसणारा फॉस्फरस मुख्यतः वरच्या शेतांतून आला होता. तिथलं क्षेत्र धान्याचं, फळबागांचं नव्हे. पण पाण्याची रीत तीच.

आता तुमच्या भीतीकडे येते. अर्ज करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. तसं नाही. तुम्ही जिच्याबद्दल लिहिलंय ती बहुधा केंद्र सरकारच्या कृषी खात्याची एन्व्हायर्न्मेंटल क्वालिटी इन्सेंटिव्ह्ज प्रोग्रॅम ही योजना असावी. बोलण्यात सगळे तिला इक्विप म्हणतात. ती १९९६ च्या शेती कायद्यातून आली आणि नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस, म्हणजे एनआरसीएस, ती चालवते. या खात्याकडे दंडाची पावती फाडायचं काम नाही. त्यांचा माणूस येतो तो मातीचा, पाण्याचा आराखडा करायला. २००८ च्या शेती कायद्यातलं कलम १६१९ असं आहे, की तुम्ही कार्यक्रमात भाग घेण्यासाठी दिलेली तुमच्या शेतीची आणि जमिनीची माहिती कृषी खातं आणि त्याच्यासोबत काम करणारे बाहेर उघड करू शकत नाहीत. कुणाला किती रक्कम मिळाली, हे मात्र त्या संरक्षणात येत नाही, ते लोकांना कळू शकतं. तळ्याकाठच्या कुणी उद्या शोधलं तर त्यांना तुमची रक्कम दिसेल. मला विचाराल तर तुम्हीच त्यांना आधी सांगावं. त्याबद्दल पुढे लिहिते.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टखाली शेतातून पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या पाण्याला कारखान्याच्या सांडपाण्यासारखा परवाना लागत नाही. पण फवाऱ्याची टाकी ओढ्यात रिकामी होणं किंवा औषधाचा डबा सांडून पाण्यात जाणं हे त्यात बसत नाही, आणि राज्याचे कायदे वेगळे आहेतच. म्हणजे तुमच्या बागेतली खरी जोखीम उतारावर कमी आणि बोअरशेजारच्या त्या नळावर जास्त आहे. तिथे जरा थांबू या.

औषध कालवताना तुमच्या पाण्याच्या पाइपाचं टोक कुठे असतं ते आठवा. बहुतेकांचं टाकीत बुडालेलं असतं, कारण तसं फेस कमी होतो आणि हात मोकळे राहतात. आता समजा टाकी भरत असताना वीज गेली आणि पंप बंद पडला. पाइपातलं पाणी मागे ओढलं जातं आणि टाकीतलं औषध त्याच वाटेनं बोअरमध्ये उतरू शकतं. पाइपाचं तोंड टाकीच्या काठाच्या वीतभर वर बांधून टाकलं आणि नळाला पाणी उलटं न जाऊ देणारी झडप लावली, की हा धोका टळतो. खर्च थोड्या डॉलरांचा आहे. यासाठी अर्ज नको, सल्ला नको, हे या आठवड्यातच करा. मग त्या जागेचं गवत बघा. वर्षानुवर्षं ज्या ठिकाणी थोडं थोडं सांडलं, तिथे गवत उगवत नाही किंवा पिवळं पडतं. एका ठिकाणी सांडलेला अर्धा डबा विहिरीचं जे नुकसान करतो, ते अख्ख्या उतारावरच्या रीतसर फवारणीनं होत नाही. म्हणून ओट्याचा तुमचा विचार मला पटतो. काठ उचललेली काँक्रीटची फरशी, सांडलेलं गोळा करायला मधे खड्डा, आणि शक्य असेल तर वर छप्पर. बोअरपासून लांब.

पण कंत्राटदाराला आजच फोन करा आणि थांबायला सांगा. तुमच्या पत्रातली घाई करून निभावण्यासारखी नाही अशी हीच एक गोष्ट आहे. इक्विपमध्ये करारावर सही होण्याआधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. आधी सुरू करायची लेखी परवानगी काही वेळा मिळते, पण ती मागावी लागते आणि मिळेलच असं नाही. शिवाय ओटा त्यांच्या मानकांप्रमाणे, त्यांच्या नकाशाबरहुकूम झाला पाहिजे. भाव बरा मिळतोय म्हणून ओतलेली फरशी दोन इंच चुकली तरी पूर्ण खर्च तुमच्या माथी येतो. अनेक जण इथेच फसतात, आणि मग “सरकार पैसे देतच नाही” असं गावभर सांगत फिरतात.

त्या खोदाईआधी आणखी एक तपासणी आवर्जून करा. तुम्ही बागेला जुनी म्हटलंय. साधारण १९४० च्या दशकापर्यंत सफरचंदाच्या बागांत कॉडलिंग मॉथ या किडीवर लेड आर्सेनेट सर्रास फवारलं जायचं, अमेरिकेत त्याची उरलेली परवानगी १९८८ मध्ये रद्द झाली. शिसं आणि आर्सेनिक विघटन होऊन नाहीसे होत नाहीत, वरच्या थरातल्या मातीत पडून राहतात. बाग त्या काळातली असेल तर मातीतल्या शिशाची आणि आर्सेनिकची चाचणी करून मगच माती हलवा, आणि मुलं कुठे खेळतात तेही बघा. अशा बागेत ओघळ थांबवण्याला दुप्पट अर्थ येतो. जी माती जागच्या जागी राहील, तिच्यातलं विषही तिथेच राहील.

आता सासऱ्यांचा मुद्दा. त्यांना मी चुकीचं ठरवणार नाही. ज्या पिढीनं स्वतःच्या हिमतीवर शेती केली, तिला कुणाचे उपकार नकोसे वाटतात, आणि त्यात एक ताठ कणा आहे. पण त्यांना एवढं विचारा: बांधावरची ताल, म्हणजे माती अडवणारी भिंत, दोन शेजाऱ्यांच्या सामाईक हद्दीत असली, तर ती घालायचा खर्च कुणी करायचा? दोघांनी. तुम्ही ओढ्याकाठी गाळ अडवायला गवताची पट्टी राखलीत, तर तिचा फायदा कुणाला, ते मांडून बघा. तुमची माती वाचली, खत वाचलं, हा तुमचा फायदा. तळ्यात कमी शेवाळ आलं, कुणाच्या तरी नळाला स्वच्छ पाणी आलं, हा खालच्यांचा. पण पट्टीसाठी तुमची जमीन जाते, ओळीतली काही झाडंही कदाचित. एकट्या तुम्ही पूर्ण खर्च करायचा आणि खालच्यांनी फुकट फायदा घ्यायचा, हे न्यायाचं होईल का? करांतून येणारा पैसा हा त्या खालच्या लोकांचा वाटा आहे. “कॉस्ट-शेअर” या शब्दातला शेअर तोच. तुमचा वाटा तुम्ही भरताच आहात. याला हात पसरणं म्हणत नाहीत.

ही कल्पना नवीनही नाही. १९३० च्या दशकात या देशाच्या मैदानांवरची माती धुळीची वादळं होऊन उडाली. तेव्हा ह्यू हॅमंड बेनेट या मृदाशास्त्रज्ञानं सरकारच्या मागे लागून १९३५ मध्ये सॉइल कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस उभी करवली. आजची एनआरसीएस म्हणजे तेच खातं, नाव १९९४ मध्ये बदललं. शेतकऱ्याच्या मातीकामात खर्चाचा वाटा उचलायची पद्धत १९३६ पासूनची आहे. तुम्हाला ज्यांनी माहिती दिली तशी जवळपास ३,००० कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट्स देशभर आहेत.

तुमच्या नवऱ्याशी मात्र मी थोडी भांडणार आहे. “मिळतायत तर घेऊ” ही वृत्ती मला सासऱ्यांच्या ताठ्यापेक्षा जास्त काळजीची वाटते. कारण मग पाणी बाजूला राहतं आणि खरेदी पुढे येते. व्यवहारातही ते बसत नाही. सिंचनाच्या कामाला पैसे मिळायला त्या जमिनीला मागच्या ५ वर्षांपैकी निदान २ वर्षं पाणी दिलेलं असावं लागतं, ही साधारण अट आहे. तुमची बाग आजवर पावसावरच असेल तर ठिबकाचा विषय बहुधा तिथेच संपतो. फवाऱ्याचं म्हणाल तर ही योजना यंत्रांच्या खरेदीसाठी नाही, ठरलेल्या कामांसाठी आहे. आणि या योजनेतली ७५ टक्क्यांपर्यंतची मदत म्हणजे तुमच्या बिलाच्या ७५ टक्के असा अर्थ होत नाही. प्रत्येक कामाचा अंदाजे खर्च धरून ठरावीक दराचं कोष्टक असतं, रक्कम त्यातून येते. तुमचं बिल अंदाजापेक्षा फुगलं तर वरचा भार तुमचा. शिवाय एरवी पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर मिळतात, तोवर खिशातून घालावे लागतात.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. शेती सुरू करून १० वर्षांहून जास्त झालेली नाहीत असे शेतकरी नवशेतकरी धरले जातात. त्यांना दर जास्त मिळतो, अंदाजे खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, आणि निदान निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. आगाऊ रक्कम ९० दिवसांत त्या कामासाठीच खर्च करावी लागते. बाग दोघांच्या नावावर किंवा कंपनी काढून तिच्या नावावर असेल तर सगळ्या भागीदारांचा अनुभव मोजला जातो, हे आधी विचारून घ्या. मिळालेली रक्कम करविवरणात दाखवावी लागते. आयकर कायद्याच्या कलम १२६ नुसार काही भाग उत्पन्नातून वगळता येऊ शकतो, त्यासाठी शेतीचे कर बघणारा माणूस गाठा.

शेजाऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नका. ते निम्मं खरं आहे. सही केली की ते काम ठरलेल्या आयुष्यभर सांभाळावं लागतं: गवताची गाळणपट्टी साधारण १० वर्षं, औषधाचा ओटा १५. मधेच पट्टी नांगरलीत तर पैसे परत मागितले जाऊ शकतात, वर नुकसानभरपाईही. जमीन विकलीत तर नव्या मालकाला ते ओझं स्वीकारायला लावावं लागतं. तपासणीसाठी माणूस येणार, तो फाटकातून आत येणारच. त्यांच्याबरोबर एकदा ओसरीवर बसून विचारा की नेमकं काय झालं होतं. “कुठल्या वर्षी, कुठल्या कामाला, काय अडलं?” त्यांच्या उत्तरातून तुम्हाला करारातली कोणती ओळ दोनदा वाचायची हे कळेल. आणि कदाचित असंही कळेल की त्यांचा राग आहे तो दुसऱ्याच कशावर तरी.

मग मी काय करेन? तुमच्या जागी मी असते, तर अर्ज केला असता, पण थोड्याच गोष्टींसाठी. आधी राज्याची मिशिगन अ‍ॅग्रिकल्चर एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅश्युरन्स प्रोग्रॅम ही ऐच्छिक योजना बघा, तिला सगळे मीप म्हणतात. तिच्यात डिस्ट्रिक्टचा तंत्रज्ञ येऊन बागेची आणि वाड्याची जोखीम तपासून देतो, आणि ती माहिती गोपनीय राहते. सरकारी पैशाच्या आधी अशी एक नजर फिरलेली बरी. त्याला तुमचा पेन्सिलीचा नकाशा दाखवा. मग कृषी खात्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बागेचा नोंदणी क्रमांक काढा आणि एनआरसीएसच्या आराखडाकाराला बोलवा. अर्ज वर्षभर घेतात, पण ठरावीक तारखांना गुणानुक्रम लावतात, तुमच्या राज्याची तारीख तेवढी विचारून ठेवा.

मागायच्या कामांत ओटा पहिला. दुसरं काम ओघळांवर अवलंबून आहे, आणि इथे तुमचा नकाशा कामी येतो. ओढ्याकाठी गवताची पट्टी छान दिसते, पण ती पसरून येणारं पाणी गाळते. ओघळ एकत्र होऊन जिथे नाला बनतो, तिथे पाणी पट्टीला मधोमध कापून निघून जातं आणि दोन्ही बाजूंचं गवत नुसतं बघत राहतं. तिथे आधी नाल्याचीच वाट रुंद, उथळ आणि गवताळ करून घ्यायची असते. हे पावसात न चालता कागदावर ठरवलं तर पट्टी चुकीच्या जागी येते. अशा पट्ट्या मी पाहिल्या आहेत, हिरव्यागार, आणि शेजारून गढूळ लोट.

तिसरं खताचं नियोजन. हे करार होवो न होवो, कराच. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पानांचे नमुने तपासायला द्या, त्यासोबत मातीचे. चार वर्षं तुम्ही जुन्या मालकांची खताची वही तशीच पुढे चालवत असाल, तर बहुधा नत्र जास्त पडतंय. सफरचंदाला नत्र जास्त झालं की फांद्या माजतात, फळाला रंग येत नाही, फळ मऊ राहतं, आणि कोवळ्या शेंड्यांवर फायर ब्लाइट रोग लवकर बसतो. म्हणजे जे ओढ्यात जातं, ते फळालाही नकोच होतं. मात्रा विभागून द्या, आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर हात आवरा.

बुंध्यालगतच्या पट्टीचंही बघा. ती अरुंद करता येईल, कापलेलं गवत तिच्यावर पसरता येईल. हिवाळ्यात उंदीर बुंधे कुरतडतात म्हणून बागाईतदार पट्टी उघडी ठेवतात, ती अडचण खरी आहे, तेव्हा गवत बुंध्याला अगदी चिकटवू नका आणि खोडाला जाळी लावा.

अर्ज पहिल्या फेरीत मागे पडला तर? पडू शकतो, अर्ज नेहमी पैशांपेक्षा जास्त असतात. तो पुढच्या फेरीसाठी तसाच ठेवता येतो. तोवर पाइपाचं तोंड वर बांधणं, टाकी धुतलेलं पाणी लेबल परवानगी देईल तसं बागेतच फवारून टाकणं, रिकामे डबे तीनदा विसळणं, खताची मात्रा कमी करणं, एवढ्यानंच ओढ्यावरचा बराच भार हलका होतो.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांची बाग खंडानं आहे, त्यांनी आधी मालकाशी बोलावं. कराराच्या पूर्ण काळात जमीन तुमच्या ताब्यात राहील हे दाखवावं लागतं. वर्षावर्षाच्या खंडावर १५ वर्षांचा ओटा कुणी मंजूर करणार नाही, पण आच्छादन पीक किंवा खताचं नियोजन अशा लहान मुदतीच्या गोष्टी जमू शकतात. आणि जिथे अशी योजनाच नाही, तिथेही पावसातली फेरी आणि तीन बरण्या तशाच उपयोगी आहेत.

तळ्याकाठच्या मंडळींबद्दल लिहीन म्हटलं होतं. त्यांच्या घरांची सांडपाण्याची शोषटाकी आणि हिरवळीला घातलेलं खतही त्याच तळ्यात जातं, हे तुमच्या मनात आलं असेल. ते खरं असलं तरी पहिल्या भेटीत ते काढू नका. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना बागेत बोलवा, पावसानंतरच्या तीन बरण्या दाखवा, काय करायचं ठरवलंय आणि त्यात सरकारी वाटा किती तो स्वतः सांगा. मग त्यांनाही एक रिकामी बरणी द्या, तळ्याच्या मुखाशी भरायला. दोन पावसांच्या बरण्या एका टेबलावर आल्या की बोलणं कुणाच्या दोषाचं न राहता पाण्याचं होतं.

या आठवड्यात एवढंच: कंत्राटदाराला थांबवा, पाइप वर बांधा, नळाचं पाणी तपासायला द्या आणि तीन बरण्या धुऊन दारापाशी ठेवा. पहिल्या पावसाच्या बरण्यांचं काय दिसलं ते मला कळवा. वरची आणि खालची, दोन्हींचं.

तुमची,
सल्लागार ताई